दिसू नये असं कापड

वाळवंट मी आजवर पाहिलेलं नाही. जन्म इचलकरंजीचा, शिक्षण मुंबईत, मग तारापूरच्या एका प्रोसेस हाउसमध्ये साड्या आणि चादरींचे रंग जुळवण्यात तारुण्याची बरीच वर्षं गेली. वाळू म्हटलं की मला बांधकामाच्या ट्रकमधून रस्ताभर सांडत जाणारी नदीची वाळू आठवते. तरी लीड्सजवळच्या त्या छपाईच्या गिरणीत मी रुजू झाले, तेव्हा लॅबमधल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात मला वाळवंटातली जाणकार ठरवून टाकलं. गिरणीत तेव्हा सैन्यासाठी वाळवंटी कॅमोफ्लाज, म्हणजे वाळूत मिसळून जाणारं कापड, छापलं जात होतं, आणि मी पडले ‘तिकडची’. एकाने कापडाचे दोन तुकडे पुढे धरून विचारलं, यातला खरा वाळूसारखा कोणता? मी म्हटलं, आमच्या गावाला वर्षातले चार महिने चिखल असतो. त्याला वाटलं, मी विनयाने म्हणते आहे.

तो दोन हजार तीनचा हिवाळा. इराकवर जायचं की नाही यावरून टीव्हीवर रोज भांडणं चालली होती. आमच्या गिरणीत मात्र त्या भांडणाचा निकाल कधीच लागला होता. ऑर्डरी आल्या होत्या, शनिवारचा ओव्हरटाइम सुरू झाला होता, आणि सैन्याला हे कापड सगळ्यांना पुरेल इतकं वेळेत मिळणार नाही, हे लॅबमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. कुणी ते मोठ्याने बोलत नसे. चहाच्या सुट्टीत फुटबॉलवर बोलत.

नक्षी दिसायला अगदी साधी. फिकट वाळूसारखा तळ आणि त्यावर तपकिरी फराटे. कुणीतरी कधीकाळी ते ब्रशने काढले असावेत, कारण टोकाला ब्रशचे केस फाकल्याच्या खुणा अजून तशाच छापल्या जात. रंग दोनच. आमच्याकडे लुगड्याच्या काठालासुद्धा याहून जास्त रंग लागतात, असं म्हणून मी नाक मुरडलं होतं. लॅबचे मुख्य साठीला आलेले यॉर्कशायरी गृहस्थ होते, बोलण्यात फार काटकसर करायचे. त्यांनी सांगितलं, की पूर्वी चार रंगांची एक झकास वाळवंटी नक्षी याच देशात तयार झाली होती. पण ती आखातातल्या देशांना विकली गेली, त्यात इराकही आला, आणि मग आपल्याच सैन्याला ती घालता येईना. समोरचाही तेच कपडे घालून आला, तर गोळी कुणावर झाडायची? म्हणून ही दोन रंगांची. खरंखोटं देव जाणे. सांगताना ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

काम मात्र साधं नव्हतं. छपाईचा जाळीदार रूळ फिरतो, आणि त्याचा एक फेरा झाला की तीच नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. साडीत हा जोड असा बेमालूम बसवायचा असतो की नक्षी ओळीने चालत राहावी. बघणाऱ्या बाईला ती ओळच आवडते. इथे सगळं उलटं होतं. ओळ दिसली की कापड फुकट गेलं. म्हणून नवा रूळ आला की आम्ही छापलेल्या कापडाचा ताका मागच्या अंगणात कुंपणावर टाकायचो, लांब जाऊन उभे राहायचो आणि डोळे बारीक करून बघायचो. नजर कुठे अडकते का, एकच फराटा पुन्हा पुन्हा दिसतो का, हे शोधायचं. वर आभाळ राखाडी, खाली ओलं काँक्रीट, मध्ये हे वाळूचं कापड आणि त्याच्यासमोर थंडीने कुडकुडत उभे आम्ही पाचजण.

त्याहून नाजूक भाग डोळ्याला न दिसणाऱ्या रंगाचा. रात्री पाहायच्या ज्या दुर्बिणी असतात, त्यांना कापडाचा रंग आपल्यासारखा दिसत नाही. दिवसा वाळूत मिसळून गेलेला माणूस त्या दुर्बिणीतून लख्ख उठून दिसू शकतो. म्हणून रंग असे निवडायचे, की त्या दुर्बिणीलाही कापड वाळूसारखंच वाटावं. लॅबमध्ये ते मोजायचं यंत्र होतं आणि ते माझ्या ताब्यात होतं. कित्येकदा ताका डोळ्याला तंतोतंत जुळायचा आणि यंत्रावर नापास व्हायचा. मग तो फाडून टाकायचा. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, पुढे वाटेनासं झालं.

गिरणीबाहेर माझं आयुष्य म्हणजे बस, दुकान आणि खोली. बसचा ड्रायव्हर मला ‘लव्ह’ म्हणायचा. तो सगळ्यांनाच म्हणतो हे कळायला मला एक आठवडा लागला, आणि कळल्यावर जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. दुपारी चार वाजता अंधार पडे. रविवारी फोनकार्ड खरवडून घरी फोन करायचा, आई विचारायची जेवलीस का, भाऊ विचारायचा तिकडे थंडी किती, आणि मग फोन ठेवायचा. मला एकटं वाटायचं. याला दुसरा कुठलाही शब्द लावायचा प्रयत्न मी करून पाहिला आहे. स्वातंत्र्य म्हणून पाहिलं, अनुभव म्हणून पाहिलं. एकटंच वाटायचं.

खोली एका मराठी काकूंच्या घरात वरच्या मजल्यावर होती. देशी किराणा दुकानाच्या काचेवर त्यांनी मराठीत चिठ्ठी लावली होती, ‘फक्त शाकाहारी मुलीसाठी’. मी शाकाहारी नव्हते, पण मुलगी होते आणि चिठ्ठी मराठीत होती. काकू मूळच्या गिरगावच्या. सत्तरच्या दशकात लग्न होऊन इथे आलेल्या. काका सिटी बसवर कंडक्टर होते, पुढे इन्स्पेक्टर झाले, आणि मी यायच्या काही वर्षं आधी वारले. घर लाल विटांच्या त्या रांगेत होतं, जिथे गल्लीच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या ताणलेल्या असतात. प्रत्येकाची धुणी सगळ्यांच्या डोक्यावर.

काकूंच्या धुण्याची त्या गल्लीत कीर्ती होती. पहिल्या वर्षी शेजारच्या बाईने त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं, की तुमच्या लोकांच्या घराला वास येतो. दुसऱ्या दिवशी काकांचा शर्ट त्यांनी असा धुतला, की तो दोरीवर गेल्यावर बाकी सगळ्यांचे कपडे कळकट दिसले. तेव्हापासून तोच नेम. आधी जास्तीत जास्त पांढरं करणारी पावडर, मग देशी दुकानातली नीळ, मग भाताच्या पेजेची खळ आणि शेवटी अशी कडक इस्त्री, की बाहीच्या घडीने बोट कापावं. आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही, असं त्या म्हणायच्या. हे सांगताना त्यांचा आवाज वर चढायचा, जणू ती शेजारीण अजून दारात उभी होती. ती बिचारी कधीच मरून गेली होती.

त्यांचा एकुलता मुलगा सैन्यात होता. महाराष्ट्र मंडळातल्या इतर बायकांची मुलं डेंटिस्ट, अकाउंटंट, आणि यांचा अठराव्या वर्षी कॉलेज सोडून भरती झाला. काकू वर्षभर त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, मुलगा इंजिनिअर आहे. तो सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत होता, त्यामुळे ते अगदीच खोटंही नव्हतं. पुढे बोलणं सुरू झालं, पण दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नसे. त्याचं मराठी लहानपणी जिथे थांबलं तिथेच राहिलेलं, आणि काकूंना त्याच्या जगातलं काहीच माहीत नव्हतं. तो आला की त्या विचारायच्या, धुवायचं काय आहे ते काढ.

फेब्रुवारीच्या एका गुरुवारी तो आला. पुढच्या आठवड्यात कुवेतला जायचं होतं, त्याआधीची ही शेवटची सुट्टी. उंच, शांत, चोविशीतला मुलगा. मला ‘ताई’ म्हणायचा, कारण काकूंनी तसं सांगितलं होतं. मी काय छापते हे कळल्यावर तो हसला आणि म्हणाला, लवकर छापा, आमच्याकडे सगळ्यांना पुरलेलं नाही. त्याला एकच वाळवंटी जोड मिळाला होता, शर्ट आणि पॅन्ट. बाकी सगळे हिरवेच. काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, धुवायचं काय आहे? त्याने बॅगेतून तो जोड काढून दिला. शुक्रवारी सकाळी तो मित्रांना भेटायला लंडनजवळ इल्फर्डला गेला. रविवारी दुपारी येऊन बॅग घेणार आणि तसाच बराकीत परतणार, असं ठरलं होतं.

शनिवारी माझी पाळी दुपारची होती. सकाळी चहाचा कप घेऊन मी खिडकीत उभी राहिले आणि गल्लीत पाहिलं. त्या दिवशी ऊन नव्हतं, उजेडही कसाबसाच होता. सगळ्या दोऱ्या मरगळलेल्या. आणि मध्ये त्याचा शर्ट चमकत होता.

रोज तो रंग बघून माझ्या डोळ्यांत भरलेला होता, म्हणून मला एका नजरेत कळलं. वाळूचा पिवळसरपणा गेला होता. कापडातून निळसर पांढरी झाक येत होती. मी खाली गेले. काकू स्वयंपाकघरात इस्त्रीचं टेबल मांडत होत्या आणि खुशीत होत्या. नवाकोरा जोड, पण कसा पिवळट पडला होता बाई, त्या म्हणाल्या, सरकारी माल तो, कुठे पडून होता कुणास ठाऊक. म्हणून त्यांनी तो पावडरच्या पाण्यात रात्रभर भिजवला, दोनदा धुतला, निळीतून काढला आणि खळ दिली. आता बघ कसा झालाय.

मला आधी हसू आलं. मग ते ओसरलं. कपडे पांढरे करणाऱ्या त्या पावडरीत काय असतं, हे मला माहीत होतं. त्यात कापड उजळ दाखवणारं एक रसायन असतं. ते सुती धाग्याला धरून बसतं आणि उजेडाचा न दिसणारा भाग घेऊन कापड झळझळीत करतं. आमच्या गिरणीत ते दारातून आत आणायलासुद्धा बंदी होती. कपडे धुवायच्या साबणाबद्दल सैन्याच्या सूचना असतात त्या याचसाठी. काकूंना हे कोण सांगणार? सांगायची वेळ आली होती ती माझ्यावर, आणि मी मुळात चांगलं सांगणारी बाई नाही. मला गोड बोलता येत नाही. मी सरळ म्हटलं, की काकू, हा शर्ट आता लपत नाही. रात्रीच्या दुर्बिणीतून बघितलं तर तुमचा मुलगा लांबून दिसेल.

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मग माझ्यावर तोंडाचा जो पट्टा सुटला तो मी पुरता लिहीत नाही. तीस वर्षं त्या या देशात कपडे धूत होत्या आणि मी काल आलेली. काकांच्या युनिफॉर्मला डेपोत साहेब हात लावून बघायचे. स्वच्छ कपड्याने माणूस मरतो, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मी ऐकून घेतलं. शेवटी त्या दमल्या आणि खुर्चीवर बसल्या.

“दाखव मला,” त्या म्हणाल्या.

म्हणून आम्ही शर्ट दोरीवरून काढला, ओलसरच पिशवीत घातला आणि बसने गिरणीत गेलो. काकूंनी जाताना साडी बदलली आणि वरचा चांगला कोट घातला. बाहेरच्या माणसाला लॅबमध्ये नेता येत नसे. मी मुख्यांना बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि स्वतःची खुर्ची त्यांच्यासाठी पुढे केली.

रंग पारखायला आमच्याकडे एक पेटी होती, एका बाजूने उघडी. आत वेगवेगळे दिवे. दुकानातला उजेड, ढगाळ दिवसाचा उजेड, घरातल्या बल्बचा उजेड, आणि एक जांभळा दिवा, ज्याच्याखाली ते रसायन लगेच उघडं पडतं. मी पेटीत डावीकडे आमच्या पास झालेल्या कापडाचा तुकडा ठेवला, उजवीकडे शर्ट. बाकी दिवे बंद केले आणि जांभळा लावला.

डावीकडचा तुकडा काळोखात गेला. उजवीकडे शर्ट पेटल्यासारखा झाला. कॉलर, बटणांची पट्टी, खिसे, सगळं निळसर पांढरं, आणि इस्त्रीच्या आधीच्या त्या चुण्यासुद्धा स्पष्ट. काकू पुढे वाकल्या. आत शर्ट कसा घडी करून ठेवला होता, तर बाह्या दोन्हीकडे, आणि छाती समोर. त्यांनी हात आत घातला आणि खिशाच्या जागी तळवा ठेवला. त्यांचा हातही त्या उजेडात जांभळा झाला.

त्यांनी मला विचारलं, की साहेबांना विचार, याने काय होईल. मी विचारलं. मुख्यांनी पेटीत वाकून पाहिलं. ते म्हणाले, कदाचित काहीच होणार नाही. जी माणसं मरतात ती बहुतेक दुसऱ्याच कारणाने मरतात. पण माझा मुलगा असता, तर मी त्याला हे घालू दिलं नसतं, असं म्हणाले. मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर काकूंनी मान हलवली. त्यांना ते कळलं होतं.

माझी पाळी सुरू झाली, काकू एकट्याच बसने घरी गेल्या. संध्याकाळी मी परतले, तर न्हाणीघरातल्या टबात शर्ट आणि पॅन्ट दोन्ही साध्या पाण्यात बुडवलेली, आणि काकू पदर खोचून, गुडघ्यांवर बसून ती खळबळत होत्या. पाणी काढायचं, नवं भरायचं. खळ निघाली, नीळही बरीच उतरली. मी त्यांना सांगितलं, की तो पांढरेपणा निघत नाही, तो निघू नये म्हणूनच बनवलेला असतो. त्या म्हणाल्या, तू तुझं जेवून घे. मी थोडा वेळ दारात उभी राहिले. त्यांचे हात गार पाण्याने लाल झाले होते. माझ्यासाठी असं कुणी इथे गुडघ्यावर बसणार नव्हतं, हा विचार मनात आला, आणि मला त्या मुलाचा हेवा वाटला. युद्धावर निघालेल्या माणसाचा हेवा. मग मी बाही वर सारून त्यांच्या शेजारी बसले आणि पॅन्ट माझ्याकडे घेतली. आम्ही दोघी पाणी बदलत राहिलो.

रविवारी तो दुपारी आला, ठरल्याप्रमाणे. काकूंनी पुरणपोळी केली होती. तो हात धुवायला न्हाणीघरात गेला आणि तिथे टबावर टांगलेला, थेंब गाळणारा जोड त्याने पाहिला. बाहेर आला तेव्हा काकू त्याच्यासमोर उभ्या होत्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी एका दमात सांगितलं, की मी तुझे कपडे बिघडवले, ते आता चमकतात, ताईने मला दिव्याखाली दाखवलं, ते तू घालू नकोस, साहेबाला सांग आईने बिघडवले आणि दुसरे माग.

तो खाली बघत होता. म्हणाला, दुसरे नाहीत. आणि मग म्हणाला, इट्स ओके आई, मला माहीत होतं.

“काय माहीत होतं?”

“पावडरचं. आम्हाला सगळ्यांना सांगितलंय. पावडर नाही, स्टार्च नाही, इस्त्री नाही.”

“मग मला धुवायला दिलंस कशाला?”

“तू मागितलं ना.” त्याने खांदे उडवले. “दुसरा काही नव्हता माझ्याकडे तुला द्यायला.”

मला वाटलं होतं काकू रडतील. त्यांनी त्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली. एवढा उंच मुलगा, त्यांना त्यासाठी टाचा उचलाव्या लागल्या. तो हलला नाही. काकूंनी विचारलं, आणि तिथे काय घालणार? तो म्हणाला, ग्रीन, अर्धे लोक ग्रीनच घालणार आहेत. वाळूत हिरवं? काकूंनी विचारलं. तो पुन्हा म्हणाला, इट्स फाइन, आई. त्याचा गाल लाल झाला होता, आणि तो हसत होता, रडण्याच्या आधी माणसं हसतात तसं.

मग तो जेवला. काकूंनी त्याला तिसरी पोळी आग्रह करून वाढली आणि त्याने ती खाल्ली. जायची वेळ झाली तेव्हा काकूंनी त्याला तो ओला जोड नेऊ दिला नाही. त्याने पिशवी पुढे केली होती, ओला असला तरी चालेल म्हणाला, इश्यू केलेला आहे, परत द्यावा लागेल. काकूंनी दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावले आणि म्हणाल्या, ते तुझ्या साहेबाने माझ्याकडून येऊन घ्यावं. शेवटी त्याने पिशवी घडी करून खिशात ठेवली. टॅक्सी आली. त्याने वाकून नमस्कार केला, मलाही घाईघाईत ‘बाय ताई’ म्हणाला, आणि गेला. गल्लीत कुणी नव्हतं. रविवारी त्या गल्लीत कुणीच नसतं.

तो परत आला. ऑगस्टमध्ये आला, काळा पडून, बारीक होऊन, धडधाकट. पण त्या रविवारी हे कुणाला माहीत होतं? त्या रविवारी काकूंनी दार लावलं, कडी घातली, आणि आत येऊन स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभ्या राहिल्या. ताटं मीच घासली होती. ओटा पुसलेला होता. त्यांनी नळ सोडला आणि बंद केला. न्हाणीघरात गेल्या, तो जोड उतरवला, त्याची घडी घालायला लागल्या, तो ओला होता हे लक्षात आलं तेव्हा पुन्हा टांगला. परत आल्या. त्यांचे हात एकमेकांना चोळत होते. मला तिथे थांबवेना आणि वरही जाववेना. एखाद्याला काय सांगायचं अशा वेळी, ते मला कधीच कळलेलं नाही. मी म्हटलं, चहा करू का? त्यांनी ऐकलं नसावं.

“तुझं काही धुवायचं आहे का गं?” त्यांनी विचारलं.

माझं धुवायचं काही नव्हतं. गल्लीच्या टोकाच्या लाँड्रेटमध्ये शुक्रवारीच सगळं धुऊन आणलं होतं. मी वर गेले. कपाट उघडलं. आईने निघताना दिलेले दोन पांढरे सुती कुडते घडी करून ठेवलेले होते, या थंडीत एकदाही अंगाला न लावलेले. मी त्यांच्या घड्या मोडल्या. दोन्ही हातांनी चांगले चुरगाळले, एक जमिनीवर टाकून त्यावर पाय दिला, दुसऱ्याने खिडकीची धूळ पुसली. पुसताना मला रडू आलं, ते आवरेपर्यंत थांबले. मग खाली गेले. काकूंनी बादलीत गरम पाणी काढून ठेवलं होतं.

“फार मळलेत,” मी म्हणाले, आणि त्यांच्या हातात दिले.